डाग काढण्याचं काम

३ सप्टेंबर

प्रिय ताई,

परवा तुला फोन केला होता. तू उचलून "जनावर की माणूस?" असं विचारलंस, आणि मी "माणूस" म्हटल्यावर "मग पत्र लिही" म्हणून ठेवून दिलास. सख्ख्या मामाच्या मुलाशी कुणी असं वागतं का? पण तुझी एकच लाइन आहे आणि त्याच वेळी कुणाची तरी गाय अडलेली असणार, हे मला कळतं. म्हणून हे पत्र.

मला एका नव्या मालिकेच्या रंगभूषेचं काम मिळालंय. मालिका जनावरांच्या डॉक्टरणीवर आहे. ती खेड्यात एकटी राहते, गाडी घेऊन गोठ्यागोठ्यातून हिंडते आणि संध्याकाळी रिकाम्या घरात परत येते. आधी तिचा चेहरा इतर नायिकांसारखाच होता. मग आमच्या दिग्दर्शिकाबाई एकदा माझ्या मेकअपरूममध्ये आल्या. आरशाच्या कडेला तुझा तो फोटो अडकवलेला आहे, घोडीचा जबडा धरून तू उभी असलेला. त्यांनी विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, "माझी आतेबहीण. जनावरांची डॉक्टर." त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. "आणि चेहऱ्यावर हे?" मी म्हटलं, "कोड." त्या खुर्चीत बसल्याच. दुसऱ्या दिवशी नायिकेला कोड आलं होतं.

बाई मनाने चांगल्या आहेत. त्यांचा आवडता शब्द 'प्रतिनिधित्व'. म्हणतात, अशी माणसं आपल्या पडद्यावर दिसतच नाहीत, आपण दाखवू. मलाही ते पटलं. आता ते डाग मला रंगवायचे आहेत आणि ते खरे वाटले पाहिजेत. तेव्हा तुझे फोटो हवेत, उन्हातले आणि सावलीतले, जवळून. हातांचे वेगळे. डाग आधी कुठे आला, कसा पसरला, कडा कशा असतात, तेही लिही. शिवाय तू दिवसभर काय करतेस, कुणाशी बोलतेस, हेही. लेखकाला लागेल.

एक जुनी गोष्टही तुझ्याशी बोलायची आहे. या पत्रात नको.

तुझा,
रंगाऱ्या


१४ सप्टेंबर

रंगाऱ्या,

फोटो पाठवत नाही. घोडीबरोबरचा आहे तो पुष्कळ झाला, आणि त्यात घोडी माझ्यापेक्षा बरी आली आहे. लिहून देते, त्यावर भागव.

पहिला डाग चोविसाव्या वर्षी मानेवर आला, कानाच्या मागे. मग ओठाच्या डाव्या कोपऱ्याला, मग डोळ्यांभोवती. हातांवर बोटांच्या टोकांपासून सुरू होऊन मनगटापर्यंत. दोन्ही हात जवळजवळ सारखे, पण अगदी सारखे नाहीत. तुम्ही लोक बहुतेक सारखे कराल. डागाचा रंग दुधासारखा असतो, खडूसारखा नाही. कडा काही ठिकाणी सुरीने कापल्यासारखी, काही ठिकाणी विरघळलेली. उजव्या डोळ्याच्या अर्ध्या पापण्या पांढऱ्या आहेत. उन्हात डाग भाजतो, लाल होतो, म्हणून मी रुंद काठाची टोपी घालते. तुमच्या नायिकेला टोपी द्या. ती द्यायची नसेल तर दुपारी गोठ्याबाहेर काढू नका.

दिवस असा जातो. सकाळी फोन येतात, त्यावरून कुठे आधी जायचं ते ठरवते. काल एक पहिलटकर गाय होती, वासराचा एक पाय मागे मुडपलेला. खांद्यापर्यंत हात आत घालून चाळीस मिनिटं तो पाय शोधत होते. मालक म्हणाला, "बाई, हाताला लागतंय का काही?" मी म्हटलं, "तुमचे प्रश्न लागतायत." शेवटी पाय सापडला, वासरू निघालं. अशा वेळी हात कोपरापर्यंत कशाकशाने माखलेला असतो. त्यावर कोड आहे की नाही, हे गायीलाही कळत नाही आणि मालकालाही.

इथली पोरं मला नकाशाबाई म्हणतात. पहिल्या वर्षी पाठीमागे म्हणायची, आता तोंडावर म्हणतात. दवाखान्याच्या पाटीवर माझं नाव आहे, पण पत्ता विचारणाऱ्याला नकाशाबाईचा दवाखाना असंच सांगतात.

मला एवढंच विचारायचं आहे. ही भूमिका करतंय कोण? कोड असलेली एखादी नटी मिळाली नाही का? शोधली का?

ती जुनी गोष्ट काय ते लिहून टाक. तू गोष्टी साठवून ठेवतोस, लहानपणापासून.

ताई


९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

चित्रीकरण सुरू झालं. नायिका नावाजलेली आहे आणि कातडी अशी की मला तिच्यावर काही करायला एरवी लाजच वाटली असती. तिला रंगवायला रोज सव्वादोन तास लागतात. बिचारी तक्रार करत नाही. फक्त डावा गाल मोकळा ठेवा म्हणते, कारण तिचे सगळे जवळचे शॉट डावीकडून घेतात. निर्मात्यांनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, "डाग असू देत, पण जरा छान दिसतील असे करा." मी तीनदा आकार बदलले. आता ते ढगांसारखे दिसतात. तुझी टोपी मी सुचवली होती. टोपीने चेहऱ्यावर सावली पडते म्हणून ती गेली.

तू विचारलंस, शोधली का. नाही शोधली. आणि आता जे लिहितोय ते मी अकरा वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही.

शोधायची गरजच नव्हती, ताई. एक नटी आहे, पन्नाशीच्या आसपासची. सगळे तिला वहिनी म्हणतात, कारण तिने आयुष्यभर पडद्यावर कुणाची ना कुणाची वहिनीच केली. वहिनी सगळ्यांच्या एक तास आधी स्टुडिओत येतात, माझ्या खोलीत येऊन कडी लावतात आणि डोळे मिटून खुर्चीत बसतात. अर्ध्या चेहऱ्यावर, गळ्यावर आणि दोन्ही हातांवर कोड आहे. मी ते झाकतो. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्या हाताला सवय दिसते." त्यानंतर या विषयावर आम्ही बोललो नाही. त्या घरच्या गोष्टी सांगतात, मी ऐकतो. तास संपला की त्या उठतात, आरशात बघतात, "आभारी आहे" म्हणतात आणि कडी काढतात.

याच मालिकेत त्यांना दूधवालीची भूमिका मिळाली आहे, डॉक्टरणीच्या शेजारणीची. म्हणजे आता रोज सकाळी एका खुर्चीत मी डाग काढतो, आणि दुसऱ्या खुर्चीतही डाग काढतो. आपल्या भाषेत दोन्ही कामांना एकच शब्द आहे, हे मला परवाच लक्षात आलं. हसू आलं नाही.

दिग्दर्शिकाबाईंना सांगावं, असं रोज जिभेवर येतं. त्यांना कळलं तर त्या नक्की काहीतरी करतील. तुला काय वाटतं?

आता ती जुनी गोष्ट. तुझं लग्न ठरलं होतं तेव्हा फोटो काढायच्या दिवशी आत्याने मला बोलावलं होतं. मी एकोणीस वर्षांचा, नुकता नाटक कंपनीत रंगभूषेची पेटी उचलायला लागलेलो. तुझी मान आणि गाल मी रंगवले. माझं पहिलं काम. उकाडा होता, रंग वितळला आणि त्या माणसाच्या पांढऱ्या कॉलरला लागला. दीड महिन्याने लग्न मोडलं. तू लांबच्या खेड्यात नोकरी घेऊन निघून गेलीस ती कायमची. माझा हात तेव्हा कच्चा होता, ताई. हे मी बावीस वर्षं उराशी धरून आहे.

सोबत एका प्रसंगाची प्रत पाठवतोय. वाचून कळव.

रंगाऱ्या


२१ ऑक्टोबर

रंगाऱ्या,

आधी महत्त्वाचं. वहिनींचं कोणालाही सांगू नकोस. दिग्दर्शिकाबाईंना तर मुळीच नाही. ज्याच्या अंगावर आहे त्याने सांगायचं किंवा नाही सांगायचं. तू त्यांना कधी विचारलंस का, की तुम्हाला ही भूमिका करायची आहे का? अकरा वर्षांत एवढा एक प्रश्न विचारता येतो. कडी लावलेली असताना विचार. त्या नको म्हणाल्या तर स्पंज उचल आणि कामाला लाग.

आता लग्नाचं. कॉलरला रंग लागला हे खरं आहे. त्याने तो त्याच दिवशी पाहिला, मला बाजूला घेऊन विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "माझी काही हरकत नाही. फक्त आईसमोर रोज लावत जा." चांगला माणूस होता. मी दीड महिना विचार केला. रोज सकाळी अर्धा तास, तेही जन्मभर, आणि सासूबाई घरात असेपर्यंत तोंडही धुवायचं नाही. लग्न मी मोडलं. आईने सगळ्यांना कोडामुळे मोडलं असं सांगितलं. तिला तसं सांगणं सोपं गेलं, मीही खोडून काढलं नाही. तुझ्या हाताचा यात काही संबंध नाही. रंग तू बरा लावला होतास. त्या माणसाचं नंतर चांगलं झालं, दोन मुलगे आहेत. मला वाटलं होतं तुला हे माहीत असेल. तू विचारलं असतंस तर वीस वर्षांपूर्वीच सांगितलं असतं.

तुझा प्रसंग वाचला. डॉक्टरीण नुकत्याच जन्मलेल्या वासराला मिठी मारते आणि "तूच मला डागांसकट आपलं मानतोस" म्हणून रडते. वासरू जन्मलं की त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढायचा असतो, नाळेला आयोडीन लावायचं असतं, आणि गाय उठून तुम्हाला ढुशी मारणार नाही ना, हे बघायचं असतं. रडायला कुणाला वेळ आहे?

एकटेपणाचंही तुमच्या लेखकाला सांग. मी एकटी आहे, नाही असं नाही. पण ते वेगळं आहे. कुणाचा तरी कुत्रा म्हातारा होतो, उठता येत नाही, खाणं सुटतं. मला बोलावतात. मी सुई देते. मग घरातले सगळे एकमेकांना धरून रडतात आणि मी अंगणातल्या नळावर हात धुते. तिथे माझ्याशी कुणी बोलत नाही. बोलावं अशी वेळही नसते. मग गाडी सुरू करायच्या आधी मी पाच मिनिटं नुसती बसते. एकटेपणा दाखवायचाच असेल तर ती पाच मिनिटं दाखवा. त्यांचा माझ्या कातडीशी काही संबंध नाही.

पुन्हा लिहिते. सांगू नकोस.

ताई


१८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. काम फार आहे. पहिले पाच भाग दाखवले गेले, लोकांना आवडतायत. तुझं पत्र इकडे बरंच उशिरा पोचलं. टपालाचं काही खरं राहिलेलं नाही.

वहिनींनी मालिका सोडली. तब्येतीचं कारण. त्यांच्या जागी अजून कुणी मिळालेलं नाही, तेवढे प्रसंग पुढे ढकललेत.

लग्नाचं तू लिहिलंस ते वाचलं. बाकी ठीक.

रंगाऱ्या


२ डिसेंबर

रंगाऱ्या,

तुझं पत्र इतकं छोटं होतं की त्यात काहीतरी लपवलेलं असणार हे कळलंच. पण विचारायची गरज पडली नाही. मागच्या सोमवारी दुपारच्या बसने एक बाई उतरल्या. डोक्याला रुमाल, काळा चष्मा, हातात एक छोटी बॅग. दवाखान्याच्या दारात उभ्या राहिल्या आणि मला टक लावून पाहत होत्या. मी एका मेंढीचा खूर कापत होते. म्हटलं, "जनावर कुठे आहे?" त्या म्हणाल्या, "मीच." मग चष्मा काढला.

तुझ्या आरशापाशी माझी पाकिटं पडलेली असतात, त्यांवरून त्यांनी पत्ता घेतला होता. म्हणाल्या, "तुमच्या भावाने माझं गुपित वाटून टाकलं. ज्या बहिणीचं नाव पुढे करून टाकलं ती खरंच आहे की तीही रंगवलेली, ते बघायला आले." रागावून आल्या होत्या. मी त्यांना हात धुऊन येते म्हटलं आणि चहा केला.

त्यांनी सगळं सांगितलं. माझं पत्र तुझ्या टेबलावर उघडं पडलेलं त्यांनी स्वतः पाहिलं होतं. त्यानंतर दोन दिवसांनी तू दिग्दर्शिकाबाईंकडे जाऊन, माझ्या बहिणीसारखीच एक आपल्यातही आहे, असं सांगितलंस. तेव्हा टपालाला दोष देऊ नकोस. त्या बाईंना एवढा आनंद झाला, की भर सेटवर, प्रकाशवाले, कॅमेरावाले, नायिका सगळ्यांसमोर त्यांनी वहिनींना मिठी मारली आणि म्हणाल्या, "आपल्यातच एक होती आणि आपल्याला माहीत नव्हतं!" टाळ्याही वाजल्या म्हणे. मग जाहिरातीसाठी नायिकेच्या शेजारी बसून मुलाखत द्याल का, असं विचारलं. भूमिका द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. वहिनी मेकअप तसाच ठेवून निघून गेल्या.

चार दिवस राहिल्या. चेहऱ्यावर काही न लावता. पहिल्या दिवशी बाहेर पडायच्या आधी दारात पाच मिनिटं घुटमळल्या. मी गाडीत बसून वाट पाहिली, हाक मारली नाही. पहिल्याच गोठ्यात मालकीण आम्हा दोघींकडे बघून म्हणाली, "ही तुमची बहीण का?" मी काही बोलायच्या आत वहिनी "हो" म्हणाल्या. मालकीण म्हणाली, "मग दावं धरा." विषय तिथे संपला. त्यांनी दावं धरलं. गाय ओढायला लागली तर सोडलं नाही, हाताला वळ उठले.

तिसऱ्या दिवशी एक कुत्रा होता, सतरा वर्षांचा. त्या घरात वडील आणि दोन मुली. सगळं झाल्यावर मी अंगणात गेले तर नळाला पाणी नव्हतं. वहिनींनी कुठूनतरी तांब्या आणला आणि माझ्या हातांवर पाणी घालत उभ्या राहिल्या. पाणी संपल्यावर पुन्हा भरून आणलं. बावीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

जाताना मी विचारलं, "आता काय करणार?" म्हणाल्या, "अजून ठरवलेलं नाही." एवढंच.

तुझ्यावर रागावून लिहीत नाही. पण तू असं का केलंस, ते मला जाणून घ्यायचं आहे.

ताई


२० जानेवारी

प्रिय ताई,

हे पत्र चारदा लिहायला घेतलं.

तुझं पत्र वेळेवर पोचलं होतं. "सांगू नकोस" दोनदा लिहिलेलं मी दोन्ही वेळा वाचलं. तरी का सांगितलं? बावीस वर्षं मी स्वतःला तुझा गुन्हेगार समजत होतो. स्पंज हातात घेतला की ती कॉलर आठवायची. वहिनींचे डाग इतक्या काळजीने झाकायचो, त्यामागेही तेच होतं. आणि तू पाच-सहा ओळींत माझा गुन्हाच काढून घेतलास. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र असं, की या सगळ्यात माझा कधी काही भागच नव्हता. मग डोक्यात आलं, आता कुणाचं तरी भलं माझ्या हातून होऊ दे. वहिनींना विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही. हे लिहिताना लाज वाटते.

इकडचं ऐक. नायिकेच्या गालावर रंगामुळे पुरळ आलं. शिवाय प्रेक्षकांची पत्रं येतात, की बिचारीला सुखी करा. म्हणून कथेत आता शहरातून एक देखणा डॉक्टर आलाय. त्याच्या औषधाने सहा भागांत कोड जाणार आणि मग लग्न. डाग रोज थोडे कमी करायचे काम माझं. मी ते केलं, ताई. नाही म्हणता आलं असतं, पण म्हटलं नाही. परवा शेवटचा डाग गेला. सगळ्यांनी नायिकेचं अभिनंदन केलं, जणू खरंच बरी झाली.

आणि वहिनी परत आल्या. करार बाकी होता, आणि बहुधा दुसरंही काही ठरवून आल्या होत्या. मी सकाळी एक तास आधी खोली उघडून बसलो होतो. त्या वेळेवर आल्या, इतरांबरोबर, आणि माझ्या दारावरून सरळ पुढे गेल्या. मी मागोमाग सेटवर गेलो. चेहरा, गळा, हात, सगळं उघडं. दिग्दर्शिकाबाई बघतच राहिल्या. हळूच म्हणाल्या, "मेकअप?" वहिनी म्हणाल्या, "झालाय." लेखक पुढे आला, म्हणाला, दूधवालीला कोड कसं झालं त्याचा एखादा संवाद टाकू, कुणीतरी तिला विचारेल आणि ती सांगेल. वहिनी म्हणाल्या, "दूधवाली दूध काढते. तेवढंच ठेवा." बाईंचा मोठेपणा असा, की त्यांनी लेखकाला मागे केलं आणि "कॅमेरा" म्हणाल्या.

मी सकाळी अजून एक तास आधी जातो. सवय. खोलीत कुणी येत नाही. अकरा वर्षं रोज एक माणूस माझ्यासमोर डोळे मिटून बसत होतं, मुलीच्या परीक्षा, भाचीचं बाळंतपण, घरातली गळती सगळं सांगत होतं. ते माझ्याशी बोलणं होतं हे मला ते थांबल्यावर कळलं. तू एकटी, म्हणून मी तुझ्यावर मालिका काढायला निघालो होतो.

वहिनी दिसल्या की "नमस्कार" म्हणतात. मीही नमस्कार म्हणतो. मग खोलीत परत येतो.

रंगाऱ्या


११ फेब्रुवारी

रंगाऱ्या,

तुझं पत्र मिळालं. या वेळी लांब होतं, बरं वाटलं.

दूध संकलन केंद्रावर मोठा टीव्ही आहे, तिथे लोक तुमची मालिका बघतात. डॉक्टरीण बरी झाली त्या आठवड्यात माझे हाल झाले. तिघांनी औषधाचं नाव विचारलं. एका आजोबांनी त्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या बांड्या गायीला ते चालेल का, असं विचारलं. एक बाई अगदी जवळ येऊन मायेने म्हणाली, "तुमचंही जमेल हो, शहरातून कुणीतरी येईल." मी तिला म्हटलं, येईल तेव्हा त्याला आधी शेण काढायला लावू. पण खरं सांगते, त्या दिवशी घरी आल्यावर मी बराच वेळ आरशासमोर उभी होते. आपल्यासारखी एकजण पडद्यावर आली आणि शेवटी बरी होऊन निघून गेली. मला बावीस वर्षांत पहिल्यांदाच आजारी असल्यासारखं वाटलं. हा राग तुझ्यावर नाही. पण ते काम तू केलंस, हे मी विसरले आहे असंही समजू नकोस.

काल वहिनींचा भाग लागला. मी मुद्दाम गेले. पंचवीस-तीस माणसं होती. वहिनी पडद्यावर आल्या, बादली घेऊन गायीजवळ बसल्या, चेहरा अख्ख्या पडद्यावर आला. मी लोकांकडे बघत होते. पहिलं कुणीतरी ओरडलं, "अरे, ही आपल्याकडे आलेली बाई! दावं धरलेली!" मग सगळे सरसावून बसले. मी वाट बघत होते, आता काय म्हणतात. एक म्हणाला, "गायीच्या चुकीच्या बाजूला बसली आहे, लाथ बसेल." दुसरा म्हणाला, "रिकाम्या बादलीत पहिली धार पडली की आवाज होतो, इथे झालाच नाही. गाय आटलेली आहे." त्यावर भांडण जुंपलं. एकाचं म्हणणं, गाय गाभण आहे, पोट बघा. तो प्रसंग संपून डॉक्टरणीच्या लग्नाची खरेदी सुरू झाली तरी यांचं गायीवरच चाललं होतं. चेहऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मालकीण होती ना, दावं धरायला सांगणारी, ती निघताना मला म्हणाली, "बहिणीला सांगा, पुढच्या महिन्यात मेंढ्या वितात. मोकळी असेल तर येऊन जा म्हणावं. नीट धरते ती."

मी वहिनींना पत्राने कळवू शकते. पण हा निरोप तू दे. सेटवर नाही, त्यांच्या घरी जा. दार उघडलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. आणि उघडलं, तर आधी माफी माग. का केलं वगैरे मला सांगितलंस तसं सांगत बसू नकोस, नुसती माफी माग. त्या काय म्हणतात ते ऐक. मग मेंढ्यांचा निरोप दे.

क्रम चुकवू नकोस.

ताई